स्मोकहाउसच्या छतातून काळे थेंब, मांस कडू: दर वेळी परत येणारी तक्रार

तक्रार साधारण अशी असते. परसात लाकडी स्मोकहाउस (मांसाला धुरी द्यायची खोली) बांधून झालं, धूरही भरपूर होतो, पण दीड-दोन तासांनी छताच्या आतल्या बाजूला तपकिरी-काळे थेंब धरतात आणि टपटप मांसावर पडायला लागतात. मांसावर काळे ओघळ, वर चिकट थर, चव औषधासारखी कडू, जीभ किंचित बधिर. मालक लाकूड बदलतो. पुढच्या खेपेला जरा बरं वाटतं, कारण त्या दिवशी हवा गरम असते. थंडी पडली की थेंब परत हजर.

बहुतेक जण सगळा दोष लाकडाच्या जातीवर ढकलतात. चिकाचं, राळेचं लाकूड (पाइन, देवदार वगैरे) जाळत असाल तर दोष खरंच लाकडाचा आहे. ते आजच थांबवा. पण कठीण, फळझाडाचं, नीट वाळलेलं लाकूड वापरूनही हेच होत असेल, तर जात बदलत बसण्यात अर्थ नाही. अशा वेळी गुन्हेगार पाणी असतं. आत तयार होणारी वाफ बाहेर पडत नाही, थंड छतावर पाणी होऊन बसते आणि धुरातलं डांबर स्वतःत विरघळवून खाली येते.

एवढं पाणी येतं कुठून?

हा हिशेब एकदा मांडला की पुढचे उपाय आपोआप पटतात. लाकूड कितीही वाळवलं तरी त्यात हायड्रोजन असतोच, साधारण ६ टक्के. जळताना तो हवेतल्या प्राणवायूशी मिळून पाणी होतो. एक किलो अगदी कोरडं लाकूड पूर्ण जळलं तर त्यातून अर्धा किलोहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपात निघतं. त्यात लाकडातला मूळचा ओलावा मिळवा. वीस टक्के ओलाव्याचं, म्हणजे चांगलं वाळलेलं म्हणता येईल असं चार किलो लाकूड जाळलंत तर सुमारे अडीच लिटर पाणी हवेत जातं. वर मांस आहेच: दहा किलो मांसाचं वजन दहा टक्क्यांनी उतरलं, तर आणखी एक लिटर.

आता ही वाफ हवेत मावते किती ते बघा. ६० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १३० ग्रॅम वाफ राहते. २० अंशांना फक्त १७ ग्रॅम, १० अंशांना ९. म्हणजे खोलीतली गरम दमट हवा थंड पत्र्याला टेकली की जवळजवळ सगळी वाफ तिथेच सोडून देते. उकळत्या भांड्यावरच्या झाकणाला आतून पाणी धरतं, तेच हे. फरक एवढाच की इथल्या पाण्यात काजळी, आम्लं आणि डांबर मिसळलेलं असतं.

म्हणून खरे प्रश्न दोन. वाफ वेळेत बाहेर जाते का? आणि आतला कुठला पृष्ठभाग थंड राहतो? तिसरा प्रश्न धुराच्या प्रतीचा, तो आगीच्या भागात घेऊ.

आधी रिकामं चालवून बघा

मांस न टांगता, नेहमीची आग लावून, दोन तास चालवा. दाराच्या आत, मांस टांगता त्या उंचीवर एक पांढरी चिनीमातीची बशी किंवा काचेचा तुकडा लटकवा. अर्ध्या तासाने काढून बोट फिरवा. फिकट पिवळसर, कोरडा थर असेल तर धूर ठीक आहे आणि त्रास फक्त पाण्याचा. गडद तपकिरी, बोटाला चिकटणारा, वास घेतला की घशात खवखवणारा थर असेल तर आग चुकते आहे. छत कितीही सुधारलंत तरी मांस कडूच होणार.

रिकामं असताना छत कोरडं आणि मांस टांगल्यावर ओलं होत असेल, तर पाणी मांसातून येतं आहे. रिकामं असतानाही गळत असेल तर आग, हवा किंवा छत. दाराच्या खालच्या फटीतून धूर बाहेर येत असेल तर धुराड्याला ओढ नाही, हे जवळपास नक्की. ओढ चांगली असली की खालच्या फटी हवा आत घेतात, धूर बाहेर सोडत नाहीत. शंका असेल तर उदबत्ती दाराच्या खालच्या फटीशी धरा. तिची रेघ आत वळली पाहिजे.

आग गुदमरते आहे का

नव्या माणसाला वाटतं, धूर जितका दाट तितकं काम चांगलं. मग तो भट्टीचं तोंड झाकतो, ओंडके धुमसत ठेवतो आणि धुराड्यातून पांढराफेक धूर उसळताना बघून खूश होतो. तो पांढरा रंग बराचसा पाण्याच्या आणि डांबराच्या मोठ्या थेंबांचा असतो. चांगला धूर जेमतेम दिसतो. त्याच्याआडून पलीकडचं झाड स्पष्ट दिसतं आणि उन्हात निळसर छटा येते, कारण त्यातले कण इतके बारीक असतात की निळा प्रकाश जास्त विखुरतात. काळा किंवा पिवळट धूर दिसला तर मांस आत घालूच नका.

लाकडातलं लिग्निन तापून फुटलं की ग्वायाकॉल, सिरिंगॉलसारखी फिनॉल वर्गातली द्रव्यं तयार होतात. धुराचा ओळखीचा वास आणि चव मुख्यतः त्यांची. सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजमधून मांसाला रंग देणारी द्रव्यं आणि आम्लं येतात. हे सगळं हवंच असतं, पण थोडं. हवा कमी पडली की अर्धवट जळालेलं जड डांबर प्रमाणाबाहेर वाढतं आणि कडवटपणा तिथून येतो.

उपाय सोपा आहे, फक्त सवय मोडावी लागते. मोठा धुमसणारा ढीग नको, लहान पण खरीखुरी पेटलेली आग हवी. आधी निखाऱ्यांची गादी करून घ्या, मग मनगटाहून बारीक फोडलेली लाकडं एकेक टाका. प्रत्येक तुकडा टाकल्यावर दोन-तीन मिनिटांत ज्वाळा धरली पाहिजे. पुढचा तुकडा भट्टीच्या अंगावर ठेवून तापवत ठेवला तर तो चटकन पेटतो आणि मधला पांढऱ्या धुराचा लोंढा टळतो. लाकडं जाळीवर, राखेपासून निदान चार बोटं वर असावीत. राख जाळीला भिडली की खालून हवा बंद, आणि बाकी सगळं बरोबर असून आग मरते. दर दोन तासांनी राख ओढणं हे कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

ढलप्या पाण्यात भिजवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो पटत नाही. पाणी लाकडात फारसं शिरत नाही, वरवर राहतं. ते उडून जाईपर्यंत लाकूड शंभर अंशांच्या वर जात नाही, म्हणजे तेवढा वेळ धुराऐवजी वाफच मिळते. आपण ज्या पाण्याशी भांडतो आहोत, तेच आपल्या हाताने आत घालण्याचा हा प्रकार.

ओलावा मोजायचं छोटं यंत्र असेल तर लाकूड फोडून आतल्या ताज्या बाजूवर टोचा. बाहेरची बाजू नेहमी खोटं कोरडेपण दाखवते. वीस टक्क्यांच्या आत असेल तर चालेल. यंत्र नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा: वाळलेलं लाकूड टणक खणखणतं, ओलं बद्द वाजतं. टोकांना चिरा, साल सुटलेली, वजनाला हलकं, या खुणाही भरवशाच्या.

हवा: इथे सर्वांत जास्त लोक अडकतात

धुराड्याची झडप अर्धी बंद करून उष्णता आणि धूर आत कोंडणं ही या तक्रारीमागची सर्वांत मोठी चूक. नियम उलटा आहे. वरची झडप पूर्ण उघडी, आणि आगीवर ताबा ठेवायचा तो भट्टीच्या हवेच्या तोंडाशी. धूर मांसाजवळून जात राहिला पाहिजे, साचून राहिला की शिळा होतो. आतून बाहेर जाणाऱ्या धुराबरोबरच वाफही जाते. तिला दुसरी वाट नाही.

पुष्कळ स्मोकहाउसांत धुराडंच अपुरं असतं. भट्टीतून धूर आत आणणारा पाइप १५ सेंटिमीटरचा आणि बाहेर जाणारा १० चा, असं सर्रास दिसतं. व्यासात फरक थोडा वाटतो, पण क्षेत्रफळात १५ चा पाइप १० च्या सव्वादोनपट आहे. बाहेर जाणारी वाट आत येणाऱ्या वाटेपेक्षा लहान कधीच नको. मी तर थोडी मोठीच ठेवा म्हणेन, कारण मोठी वाट झडपेने लहान करता येते, लहान मोठी होत नाही.

उंचीचंही तसंच. गरम हवा हलकी असल्याने वर चढते आणि धुराडं जितकं उंच, आतबाहेरच्या तापमानात जितका फरक, तितकी ओढ जास्त. पण प्रवाह उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दुप्पट प्रवाहासाठी चौपट उंची लागते. म्हणून आधी व्यास आणि वळणं बघा, उंचीकडे नंतर वळा. काटकोनातलं प्रत्येक वळण प्रवाह मारतं. वरची पावसाची टोपी पाइपाच्या तोंडाला चिकटून बसवलेली असेल तर ती झडप बंद ठेवण्यासारखीच आहे. पाइपाच्या व्यासाच्या निदान निम्मी मोकळी जागा सोडा. धुराड्याचं तोंड छपराच्या आढ्याच्या वर काढा, नाहीतर वारा छपरावरून खाली वळून धूर परत आत ढकलतो. काही दिवस गळतं आणि काही दिवस नाही, त्या स्मोकहाउसात मी सर्वांत आधी हे तपासेन.

पातळ पत्र्याचं उघडं धुराडं थंडीत आतून गार पडतं, त्यात डांबर धरतं आणि तेच उलटं खाली ओघळतं. काळे थेंब फक्त धुराड्याच्या बरोबर खाली पडत असतील तर हेच कारण. धुराडं छताच्या मधोमध असेल तर ते एका कडेला, मांसाच्या ओळींबाहेर न्या, किंवा त्याच्या खाली एक तिरकी पन्हळ लावून थेंब भिंतीकडे वळवा.

छत

आतून उघडा पत्रा असेल तर बाकी सगळं सुधारूनही थंड रात्री तो घामेजणारच. पत्र्याखाली चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा सोडून लाकडी फळ्यांचं आतलं छत करा. लाकूड उष्णता कमी वाहून नेतं, त्यामुळे त्याची आतली बाजू लवकर तापते, आणि थोडीफार ओल ते शोषूनही घेतं. मधली मोकळी जागा दोन्ही टोकांना जाळी लावून उघडी ठेवा, नाहीतर तिथे बुरशी धरते.

छताचा उतार बेताचा असला की थेंब जिथे धरतो तिथेच पडतो. उतार चांगला असला की तो फळीला चिकटून घसरत भिंतीपर्यंत जातो. आतल्या फळ्या उताराच्या दिशेने लावा, आडव्या नकोत. आडव्या फळीच्या प्रत्येक सांध्यावर थेंब अडतो आणि सुटतो. टांगण्याचे गज भिंतींपासून एक वीतभर आत ठेवा म्हणजे भिंतीवरचे ओघळ मांसाला लागणार नाहीत.

तात्पुरता उपाय हवा असेल तर मांसाच्या वर, गजांहून उंच, धुतलेलं रिकामं गोणपाट सैल ताणून बांधा. ते थेंब शोषतं आणि त्यातून धूरही जातो. दर खेपेला बदला, आणि आगीच्या सरळ वर येऊ देऊ नका. कायमचा इलाज म्हणून मात्र त्याच्याकडे बघू नका.

भिंती आणि लाकूड

ताज्या कापलेल्या फळ्यांचं स्मोकहाउस पहिले काही दिवस स्वतःच पाणी सोडतं, आणि वाळताना फळ्या आक्रसून फटी पडतात. मांस घालायच्या आधी रिकामं, मंद आचेवर, दिवसभर चालवा, शक्य असेल तर दोनदा. त्यानंतर पडलेल्या फटींवर बाहेरून लाकडी पट्ट्या मारा. सिलिकॉन, फोम किंवा रंग आतून लावू नका. वळचणीखालच्या बारीक फटी तर मी मुद्दाम सोडतो. दमट हवेला त्या वाट देतात.

प्लायवुड, एमडीएफ (लाकडाचे तंतू डिंकात दाबून केलेली फळी), वाळवीचं औषध पाजलेलं लाकूड आणि रंगवलेल्या जुन्या फळ्या आत नकोत. तापल्यावर त्यांतला डिंक आणि रसायनं हवेत येतात. भट्टीच्या बाजूला जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही नको. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि त्याचा धूर श्वासात गेला की ताप येतो. तिथे साधं जाड लोखंड किंवा विटाच बऱ्या.

मांस ओलंच टांगलं तर

मिठाच्या पाण्यातून काढून, फ्रीजमधून थेट आत टांगलेलं थंडगार मांस हा खोलीतला सर्वांत थंड पृष्ठभाग असतो. वाफ आधी त्याच्यावरच बसते. मग धुरातली आम्लं त्या पाण्यात विरघळतात आणि चव आंबट-कडू होते, रंगाचे पट्टे पडतात. मांस धुऊन, पुसून, फ्रीजमध्ये जाळीवर उघडं ठेवून वाळवा, बोट लावलं की पाणी न लागता किंचित चिकट लागेपर्यंत. तेवढा थर आला की धूर समान बसतो. तोवर स्मोकहाउस रिकामं तापवून घ्या, भिंती आणि छत हाताला ऊबदार लागले पाहिजेत. गरम धुरीसाठी, म्हणजे मांस धुरातच शिजवायचं असेल तर, पहिला अर्धा-पाऊण तास लाकूड न टाकता फक्त निखाऱ्यांच्या धगीवर, सगळ्या झडपा उघड्या ठेवून चालवा. निम्म्या लोकांची तक्रार एवढ्यानेच मिटते.

तुकड्यांमध्ये निदान दोन-तीन बोटं अंतर हवं. एकमेकांना टेकलेल्या जागा ओल्या राहतात, फिकट राहतात आणि तिथूनच खराब होतात. आत येणाऱ्या पाइपाच्या तोंडावर भोकं पाडलेली लोखंडी पाटी ठेवली तर धूर पसरतो, ठिणग्या अडतात आणि चरबी थेट आगीवर पडत नाही. चरबी आगीत पडून जळाली की बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं वाढतात, म्हणून ही पाटी ऐच्छिक समजू नका.

एक इशारा. थेंब थांबवण्यासाठी आच कमी करून वेळ वाढवणं हा उपाय नाही. मिठात न मुरवलेलं मांस ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात तासन्तास लटकत राहिलं तर जंतू वाढतात, आणि धूर त्यांना पुरेसा रोखत नाही. गरम धुरीत तापमान मांसाच्या गाभ्यात सुई घालून मोजा: कोंबडीवर्गाला ७४ अंश, खिम्याच्या पदार्थांना ७१, अखंड तुकड्यांना ६३ आणि मग तीन मिनिटं विश्रांती.

थंड धुरी असेल तर गणित जरा वेगळं

थंड धुरीत खोली ३० अंशांच्या आत ठेवायची असते, म्हणून भट्टी खोलीपासून दोन-तीन मीटर दूर, खालच्या अंगाला, आणि मधला पाइप जमिनीत पुरलेला. (यासाठी मांस आधी वजन-मापाने मिठात आणि नायट्रायटमध्ये (मांस टिकवणारा क्षार) मुरवलेलंच हवं, अंदाजाने नाही.) इथे भिंती तापवून पाणी टाळता येत नाही. पण पुरलेला पाइपच पाणी गाळून घेऊ शकतो: धूर त्यात थंड होतो, वाफ तिथेच पाणी होते. अट एकच, पाइप भट्टीकडून खोलीकडे सतत चढता हवा. मध्ये खोलगट भाग राहिला तर तिथे काळं पाणी साठतं, वाट अरुंद होते आणि धूर बुडबुडत जातो. पाइपाच्या सर्वांत खालच्या टोकाला, भट्टीच्या जरा अलीकडे, झाकण असलेला एक खड्डा किंवा टी-जोड ठेवा. दर खेपेनंतर उपसा. त्यात किती काळं पाणी निघतं हे बघून चकित व्हाल.

खोलीच्या भिंती पाइपातल्या धुराहून गार पडल्या तर गळती परत सुरू होते. हे सहसा पहाटे घडतं. त्यामुळे थंड धुरी रात्रभर न चालवता संध्याकाळी थांबवून सकाळी ऊन चढल्यावर पुन्हा सुरू केलेली बरी. मधल्या वेळात मांस फ्रीजमध्ये.

साठलेलं डांबर

चमकदार काळा, काचेसारखा थर भिंतीवर जमला असेल तर तो खरवडून काढा. तो पेटणारा पदार्थ आहे, आणि तापला की पुन्हा पातळ होऊन गळतो. आग आणि हवा सुधारूनही थेंब पडत राहतात, त्याचं कारण बहुधा हाच जुना साठा. मॅट, कोरडी तपकिरी झाक राहू द्या, ती निरुपद्रवी आहे. साबण वापरू नका, लाकूड त्याचा वास धरून ठेवतं. वर्षानुवर्षं तापत राहिलेलं लाकूड नव्या लाकडापेक्षा कमी तापमानाला पेट घेतं, म्हणून आतलं तापमान शंभर अंशांच्या खाली ठेवा आणि पाइप जिथे फळीतून आत येतो तिथे विटा किंवा दगडी कड घाला. आग चालू असताना दार लावून आत कधीही उभं राहू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि आधीच कडू झालेल्या मांसाचं काय?

फक्त धूर जास्त बसला असेल तर वरचा थर पातळ तासून काढा, कागदात सैल गुंडाळून दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवा. तिखटपणा बराच उतरतो. काळे थेंब प्रत्यक्ष पडले असतील तर तो भाग खोलवर कापून टाका; धुऊन ते जात नाहीत, उलट पसरतात. सगळ्या तुकड्यावर ओघळ असतील तर तो तुकडा टाकून द्या. त्याची भाजी-रस्सा करून चव लपवण्याचा प्रयत्न करू नका, कडवटपणा सगळ्या भांड्यात उतरतो.